आर्य, पण गोरे नव्हेत

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत उसळलेल्या परकीयद्वेषाविषयी आपल्याकडे लिहिले जाते, तेव्हा भारतीय माणूस त्यात केवळ सोसणारा म्हणून येतो. हे बऱ्याच अंशी खरेही आहे. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने लाकूडगिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना त्यांच्या बिऱ्हाडांतून हुसकावून लावले. पुढे १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील मजुरांना दारच बंद केले.

मला मात्र राहून राहून अस्वस्थ करतो तो भगतसिंग थिंद यांचा अमेरिकी नागरिकत्वासाठीचा खटला. अमृतसरचे हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. (तिथे त्या काळी शीख असो वा मुसलमान, प्रत्येक भारतीय 'हिंदू'च ठरे.) १७९० पासून नागरिकत्व 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'साठी होते आणि १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशीयांची भर पडली होती. हा निकष अन्याय्य आहे असे थिंद यांच्या बाजूने म्हटले गेले नाही. आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून कॉकेशियन (त्या काळच्या वंशशास्त्राने गोऱ्या युरोपियांना ज्या वंशात घातले तो), म्हणून गोरे, असा दावा केला गेला. वर, लग्नसंबंधाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांना जसा लेखतो तसाच अमेरिकी माणूस काळ्यांना लेखतो, अशी पुस्तीही जोडली गेली. दुसऱ्याच्या वाड्यात शिरण्यासाठी आपल्या घरची उतरंड दाखला म्हणून पुढे करावी, याला काय म्हणावे? जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे त्याच देशात, कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्येच मांडले होते. वकिलांनी नेमके तेच मर्म भूषण म्हणून मिरवले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही कमाल केली. १९२२ च्या नोव्हेंबरात जपानी वंशाच्या ताकाओ ओझावा यांना 'गोरा म्हणजे कॉकेशियन' असे सांगून नागरिकत्व नाकारणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनीच तीन महिन्यांनी थिंद यांना बजावले, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेणे सुरू झाले. तसे ते गमावलेल्या वैष्णो दास बगाई यांनी १९२८ मध्ये आपले जीवन संपवले.

थिंद यांना अखेर १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले, ते आर्यत्वाच्या जोरावर नव्हे, तर महायुद्धातील माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये झालेल्या कायद्यामुळे.