दगडफूल एकच नसतं

गेल्या आठवड्यात चोपड्याच्या आमच्या घरच्या ग्रुपवर दगडफुलावरून चांगलीच जुंपली. काळ्या मसाल्याची तयारी चाललेली, त्यात भाच्याने लिहिलं की जंगलातून दगडफूल ओरबाडणं कायद्याने बंदच करायला पाहिजे, आणि काकांचं लगेच उत्तर, "शेवाळच शे ना भो!" मला दोघांचंही पटलं नाही.

मी राहतो हॅलिफॅक्सला, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर. इकडच्या दमट जंगलात एरिओडर्मा नावाचं लायकेन आहे, दगडफुलाच्याच जातकुळीतलं, म्हणजे बुरशी आणि तिला अन्न करून देणारा सूक्ष्मजीव यांचा एकत्र संसार, नुसतं शेवाळ नव्हे. त्यातल्या दोन जाती, दोन बहिणीच म्हणा, पेडिसेलॅटम आणि मोलिसिमम. दोघींच्या अंगावर बारीक लव, दोघी ओल्या खोडाला चिकटलेल्या, लांबून एकच वाटतात. भिंग लावलं की कळतं, पेडिसेलॅटमवर तांबूस-तपकिरी टिकल्या असतात, बीजाणू तिथून उडतात, मोलिसिममच्या कडेला नुसती भुकटी, तीच झडून दुसरीकडे रुजते.

पेडिसेलॅटम २००३ मध्ये जगाच्या रेड लिस्टवर, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या यादीत, अतिसंकटग्रस्त म्हणून आली, पण त्याच्या आदल्या वर्षी कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने तिला दोन वेगळे शेरे दिले होते, आमच्याकडची संकटग्रस्त, न्यूफाउंडलंड या कॅनडाच्याच बेटावरची फक्त लक्ष ठेवण्यासारखी, कारण तिकडे ती बरीच आहे. मोलिसिममला त्याच समितीने २००९ मध्ये संकटग्रस्त ठरवलं. आणि इथे कोणी लायकेन खरवडून विकत नाही हो! झाडं तोडली जातात, ॲसिड पाऊस पडतो, त्याने ती चाललीये.

मग नुसतं दगडफूल ओरबाडणं बंद करून काय होणार? आणि बंदी नेमकी कशावर? आपल्या दुकानातल्या पुडीत दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात, बराच माल हिमालयाकडून येतो, गोळा करणारी माणसं गरीब, पहिला फटका त्यांनाच. आधी कुठली जात कुठे किती उरलीये ते मोजा, आपल्या सातपुड्यातही मोजा, लखनौ-पुण्यात ही विद्या जाणणारी माणसं आहेत. जुनी झाडं वाचवा म्हणून भाच्याने भांडावं, मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

आईला म्हटलं, भाजायच्या आधी पुडी पेपरवर पसरून फोटो पाठव. पाठवला. एक रुंद पानाचं, खालून काळंकुट्ट, दुसरं बारीक पट्ट्यापट्ट्यांचं, कडेला काळे केस. साठ वर्षं मसाला करतेय, पण वेगळं करून आज पहिल्यांदा बघितलं म्हणाली.