पुन्हा टाका की, कोण बघतंय?

आज दुपारी आमच्याकडे जेवायला आलेल्या एका तरुण पाहुण्याने माझ्या टेबलावर मांडलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकचा, म्हणजे कार्डे आणि फासे घेऊन खेळायच्या बेसबॉलचा, पांढरा फासा उचलला, मुठीत खुळखुळवला आणि हसत म्हणाला, "काका, हरायला लागलात तर पुन्हा टाका की, इथे कोण बघतंय?" त्याआधी तो "ही तर सापशिडीच" असेही म्हणाला होता. घरी आलेला माणूस, त्यातून नुकताच पानावरून उठलेला, म्हणून मी काही बोललो नाही. पण मंडळी जाऊन चार तास झाले तरी ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

सापशिडीत खेळणाऱ्याला काही ठरवावे लागत नाही. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड असते आणि त्याने त्या मोसमात प्रत्यक्ष केलेली कामगिरी त्या कार्डावरच्या आकड्यांत उतरवलेली असते. हॅल रिचमन यांनी हा खेळ १९६१ साली विक्रीला आणला, तेव्हापासून त्याचा गाभा तोच आहे. पांढऱ्या फाशावर १, २ किंवा ३ पडले की निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा आणि ४, ५ किंवा ६ पडले की पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज कोणती ओळ वाचायची ते सांगते. सात ही बेरीज छत्तिसांत सहा वेळा येते आणि बारा एकदाच, त्यामुळे कोणती गोष्ट कोणत्या ओळीत छापायची यातच सगळे कसब आहे. १९९४ मध्ये .३९४ ची सरासरी राखणाऱ्या, म्हणजे हजार संधींमागे ३९४ यशस्वी फटके मारणाऱ्या, टोनी ग्विन या फलंदाजाचे कार्ड हातात घेतले की त्याच्यापुढे पिचर का हतबल होत असतील, ते त्या छोट्याशा कागदावर दिसते. थकलेल्या पिचरला आणखी एक फलंदाज खेळू द्यायचा की बदलायचा, पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या मार्की ग्रिसमला दुसरी बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता तिकडे धावायला, सोडायचे की नाही, हे मात्र फासे ठरवत नाहीत, ते मला ठरवावे लागते.

पण माझा राग सापशिडीवरून नाही. "पुन्हा टाका" यावरून आहे, आणि त्यासाठी अण्णांविषयी सांगायला हवे.

माझे वडील, म्हणजे अण्णा, सांगलीत क्लबाच्या क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन करायचे. १९९४ च्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे मॉन्ट्रियलला चार महिने राहायला आले. बेसबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी त्यांना मेट्रोने ऑलिंपिक स्टेडियमवर घेऊन गेलो आणि नऊपैकी तिसऱ्या इनिंगपर्यंत त्यांनी खिशातली पेन्सिल काढली होती. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे असतात आणि शॉर्टस्टॉपने सेकंड बेसमनकडे व त्याने फर्स्ट बेसमनकडे चेंडू फेकून दोन गडी बाद केले की गुणपत्रिकेत नुसते ६-४-३ लिहितात, हे कळल्यावर त्यांचा चेहरा जो उजळला, तो मला अजून दिसतो. तीन स्ट्राइकवर, म्हणजे मारण्याजोगे तीन चेंडू वाया घालवून, बाद होणाऱ्यासाठी त्यांनी स्वतःची खूण केली, 'त्रि.' आणि ज्याने बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक जाऊ दिला तो 'उभा त्रि.' त्यांची ती फुलस्केप वही मराठी आकड्यांनी भरत गेली. २७ जूनला आमच्या मॉन्ट्रियल एक्स्पोज संघाच्या क्लिफ फ्लॉइडने अटलांटाचा पिचर ग्रेग मॅडक्सला तीन धावांचा होम रन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडणारा फटका, मारला, त्या रात्री अख्खे स्टेडियम उभे राहिले होते, आणि अण्णा मात्र खाली मान घालून आधी नोंद पुरी करत होते.

एक्स्पोज त्या वर्षी खरोखर सर्वोत्तम होते. पेड्रो मार्टिनेझ, लॅरी वॉकर, मोइझेस अलू, ग्रिसम, शेवटच्या इनिंगला येऊन आघाडी राखायला पिचर जॉन वेटलँड, आणि या सर्वांवर व्यवस्थापक फेलिपे अलू. मोसमाच्या १६२ पैकी ११४ सामन्यांत ७४ विजय आणि ४० पराभव, साऱ्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, सर्वात चांगली कामगिरी. आणि १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला. मालकांना पगारांवर मर्यादा हवी होती, खेळाडूंना ती नको होती, आणि आम्हाला काय हवे होते हे कोणी विचारले नाही. १४ सप्टेंबरला उरलेला मोसम रद्द झाला, अजिंक्यपदाची वर्ल्ड सिरीज झालीच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये क्लबने वेटलँड, ग्रिसम आणि केन हिल यांना दुसऱ्या संघांना देऊन टाकले, वॉकरही गेला, आणि दहा वर्षांनी संघच वॉशिंग्टनला गेला. हे लिहितानाही माझे हात तापतात. पराभव मी सोसला असता, चाहत्याला पराभवाची सवयच असते. आमच्या वाट्याला पराभवसुद्धा आला नाही!

अण्णा सांगलीला परतले आणि पहिल्याच पत्रात त्यांनी विचारले, "राहिलेल्या ४८ सामन्यांचे काय? वही अपुरी ठेवणे मला बरे वाटत नाही."

पुढच्या वर्षी स्ट्रॅट-ओ-मॅटिकची त्या मोसमाची कार्डे आली. मी रोज रात्री जेवण झाल्यावर राहिलेल्यांपैकी एक सामना खेळायचो, आठवड्याच्या गुणपत्रिका पाकिटात घालून सांगलीला पाठवायचो आणि अण्णा त्या आपल्या वहीत उतरवून घ्यायचे. बाहेर एक्स्पोजची मोडतोड चालू होती, पण माझ्या टेबलावर वेटलँड अजून मॉन्ट्रियलसाठीच नवव्या इनिंगला येत होता.

हे सामने खरे नव्हेत, हे मान्य आहे. आता संगणकावर 'आउट ऑफ द पार्क'सारख्या खेळात संपूर्ण मोसम काही मिनिटांत उरकतो, तेही मान्य, ज्यांना ते आवडते त्यांनी जरूर खेळावे. मला कार्डाची झिजलेली कड अंगठ्याला लागायला हवी असते. पाहुण्याचाही मला आता तितका राग येत नाही, त्याचा त्या संघाशी काही संबंध आला नव्हता.

तर आमचे एक्स्पोज त्या ४८ पैकी २७ जिंकले, एकूण १०१. पुढच्या फेरीत पोचले आणि अटलांटाविरुद्धची मालिका सातव्या सामन्यावर येऊन ठेपली. नववी इनिंग, एका धावेची आघाडी, दोन बाद, एक धावपटू बेसवर, वेटलँडपुढे अटलांटाचा फलंदाज फ्रेड मॅकग्रिफ. पांढरा फासा गरगरत जाऊन स्टीलच्या वाटीला टेकला आणि ३ वर थांबला. म्हणजे कार्ड मॅकग्रिफचे. ओळ वाचली, होम रन, म्हणजे दोन धावा आणि आघाडी अटलांटाची. रात्रीचे साडेअकरा झाले होते, घरात सगळे झोपले होते, आणि खरेच कोणी बघत नव्हते. फासे पुन्हा उचलायला माझा हात पुढे गेला होता, हे मी आज प्रथमच कबूल करतो.

मी हात मागे घेतला, नोंद केली, आमच्या शेवटच्या तीन फलंदाजांचे फासे टाकले, तिघेही बाद झाले, आणि पाकीट बंद केले.

तीन आठवड्यांनी अण्णांचे जाड पाकीट आले. त्यांनी वहीतले ते शेवटचे पान सुटे करून पाठवले होते. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात 'अटलांटा विजयी' असे लिहिलेले, त्याखाली 'गुणलेखक क्र. १' आणि त्यांची सही. शेजारी 'गुणलेखक क्र. २' लिहून जागा मोकळी सोडलेली होती. क्रिकेटमध्ये दोन्ही संघांचे गुणलेखक एकमेकांच्या नोंदी ताडून मगच सही करतात, तशी. मी सर्व बेरजा पुन्हा करून पाहिल्या, सही केली आणि पान दुसऱ्याच दिवशी परत टपालात टाकले.