लिव्हरपूलचा मजूर खरोखरच १५ वर्षे जगत होता का?

व्हिक्टोरियन काळात लिव्हरपूलचा मजूर जेमतेम १५ वर्षे जगे, कारखान्यातील श्रमांनी तो तारुण्यापूर्वीच संपे आणि श्रीमंत माणूस त्याच्या दुपटीहून अधिक जगे, असा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्यातील आकडे खरे आहेत. अर्थ मात्र चुकीचा लावला आहे, आणि त्यामुळे ज्यांच्यावर मृत्यूचा घाला सर्वांत मोठा होता तेच नजरेआड होतात.

१५ हा आकडा इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्याचे सुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालातला आहे. १८४० मध्ये लिव्हरपूलमध्ये मरण पावलेल्यांचे सरासरी वय त्यांनी वर्गवार दिले : प्रतिष्ठित व व्यावसायिक कुटुंबांत ३५, व्यापाऱ्यांच्या कुटुंबांत २२ आणि मजुरांच्या कुटुंबांत १५. त्याच अहवालानुसार मजूरवर्गातील मृतांपैकी ६२ टक्के पाच वर्षांखालील मुले होती. या मुलांचे सरासरी वय दीड वर्ष धरले, तर उरलेल्या ३८ टक्के मृतांचे सरासरी वय सुमारे ३७ येते. तेही कमीच आहे. पण पंधराव्या वर्षी कोसळणारा मजूर या आकड्यांत कुठेच नाही.

कारखान्याचे कारणही टिकत नाही. लिव्हरपूल हे मुख्यतः बंदर होते, आणि पाळण्यातले मूल कोणत्याही यंत्रावर राबत नव्हते. दमट तळघरे, कोंदट चौकांतली घरे आणि मैल्याने दूषित झालेले पाणी यांमुळे अतिसार, गोवर व डांग्या खोकला मुलांना गाठत असत.

राहिली वर्गांची तुलना. समजा, दोन वस्त्यांत प्रत्येक वयाचा मृत्युदर अगदी सारखा आहे, पण एकीत तरुण कुटुंबे व तान्ही मुले जास्त आहेत. तर केवळ तेवढ्याने तिथल्या मृतांचे सरासरी वय खाली येईल. विमागणितज्ञ एफ. जी. पी. नीसन यांनी १८४४ मध्येच चॅडविक यांच्या पद्धतीवर हा आक्षेप घेतला होता आणि तो रास्त होता. म्हणून ३५ विरुद्ध १५ हे विषमतेचे माप म्हणून वापरता येत नाही. त्यासाठी मृतांची संख्या त्याच वयाच्या, त्याच वर्गातील जिवंतांशी ताडून पाहावी लागते.

विषमता मात्र खरीच होती. १९११ च्या जनगणनेच्या निमित्ताने इंग्लंड व वेल्समधील अर्भकमृत्यू वर्गवार मोजले गेले, तेव्हा दर हजार जन्मांमागे उच्च व व्यावसायिक वर्गात ७६, तर अकुशल मजुरांत १५३ अर्भके पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावत होती.