तुटलेल्या कॉइलला पीळ मारू नका आणि हिरव्या वायरीला हात लावू नका

"हिरवी वायर कापली तर चालतं ना रे? मेसेज आलाय तसा." फैजपूरहून आत्याचा फोन होता आणि तिच्या हातात कात्री होती. तिला तो मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवर मिळाला होता. भुसावळला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांनी तोच मेसेज मला आधीही दाखवला होता, तेव्हा तोंडी सांगून सोडून दिलं. आता घरातल्याच माणसाच्या हातात कात्री आली म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

मेसेज म्हणतो, इलेक्ट्रिक शेगडी किंवा इंडक्शन बंद पडलं तर मिस्त्रीला पैसे देऊ नका, पाच मिनिटांत घरीच करा. उपाय असे: तुटलेली कॉइल ओढून पीळ मारून जोडा, थोडी कमी झाली तर उलट लवकर तापते. फ्यूज उडाला तर तांब्याची तार लावा. शॉक लागत असेल तर प्लग उलटा करा, नाहीतर हिरवी वायर कापून टाका. इंडक्शनच्या काचेला तडा गेला तर एपॉक्सी भरा. एरर आला तर सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडा. आणि अधूनमधून आतली धूळ झाडा.

आधी कॉइल, कारण सगळ्यात जास्त लोक हेच करतात. "लवकर तापते" हे खरं आहे, आणि धोकाही तिथेच आहे. २,००० वॅटच्या कॉइलचा रोध २६ ओमच्या आसपास असतो. २३० व्होल्टवर ती पावणेनऊ अँपियरच्या जवळपास करंट घेते. पाव भाग तुटून गेला आणि उरलेली तुम्ही ओढून बसवली, तर रोध २० ओमच्या खाली येतो, करंट साडेअकराच्या पुढे जातो आणि तीच शेगडी २,६०० वॅटच्या वर ओढायला लागते. शेगडीची वायर, तिच्यातला स्विच, भिंतीतलं सॉकेट, यातलं काहीच त्या हिशोबाने बसवलेलं नाही. आपल्याकडे तर २,००० वॅटची शेगडी सर्रास ६ अँपियरच्या सॉकेटवर, मल्टीप्लग लावून चालते. पिवळी पडून वितळलेली सॉकेटं दुकानात येतात ती याचमुळे.

आता पीळ. कॉइल नायक्रोमची असते, निकेल आणि क्रोमियमची. तापून तापून तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर चढतो. तो थर तारेला जळण्यापासून वाचवतो, पण वीज नीट वाहू देत नाही. दोन जुनी टोकं एकमेकांना पिळली की मध्ये तो थर येतो आणि सगळी उष्णता त्या गाठीत साठते. अशी शेगडी उघडली की गाठीपाशी चिनी मातीची प्लेट काळी पडून तडकलेली दिसते, आणि चिमट्याने नुसतं धरलं तरी तार कटकन मोडते. वापरलेलं नायक्रोम ठिसूळ होतं, ते ओढून लांबवायच्या लायकीचं राहत नाही. काही जण सोल्डर करायला सांगतात. साधं सोल्डर दोनशे अंशांच्या आत वितळतं, आणि लाल झालेली कॉइल सात-आठशे अंशांच्या घरात असते.

त्याहून वाईट म्हणजे ओढलेली कॉइल खाचेत बसत नाही, वर उचलली जाते. ती तार उघडी आहे, तिच्यात थेट २३० व्होल्ट आहेत. वर आलेला एक वेटोळा पातेल्याच्या बुडाला टेकला की पातेल्यात करंट उतरतो. आता पुढचा उपाय आठवा: हिरवी वायर कापा! पातेलं शेगडीच्या पत्र्याच्या कडेवर टेकलेलं असतं आणि तो पत्रा हिरव्या वायरीने अर्थिंगला जोडलेला असतो. अर्थिंग नीट असेल तर पातेल्यातला करंट त्या वाटेने जातो, एमसीबी किंवा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो आणि तुम्ही वाचता. वायर कापली की ती वाट बंद, मग उरते ती पातेलं उतरवणाऱ्या बाईच्या हातातून जाणारी वाट. एकाच मेसेजमधला पहिला सल्ला पातेल्यात वीज आणतो आणि तिसरा ती जमिनीत जाण्याचा मार्ग तोडतो. लिहिणाऱ्याने हे दोन्ही एकाच घरात होईल याचा विचारच केलेला नाही.

प्लग उलटा करायचा म्हणजे दोन पिनचा, कारण तीन पिनचा उलटा बसतच नाही. तो उलटा केल्यावर झिणझिण्या कमी होतात हे कधीकधी खरं असतं, म्हणूनच लोकांचा यावर विश्वास बसतो. होतं असं की कॉइल जिथे पत्र्याला लागलेली असते ते टोक फेजकडून न्यूट्रलकडे जातं. बिघाड आहे तिथेच राहतो. वर शेगडीवरचा स्विच आता न्यूट्रल तोडतो, म्हणजे बटण बंद दिसतं आणि कॉइलमध्ये फेज तसाच उभा असतो. ओल्या फडक्याने शेगडी पुसायची वेळ नेमकी तीच. आत्याच्या शेगडीतही बिघाड पत्र्याशीच निघाला. थंडीत बामणोदची वांगी तिने थेट कॉइलवर भाजली होती. वांग्याचं पाणी आणि वरून लावलेलं तेल खाचेत जळून काळी खपली धरली होती, ती पत्र्यापर्यंत पोचली होती आणि तिच्यातूनच वीज उतरत होती. हिरवी वायर बिचारी तिचं काम करत होती. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजा, गॅसवर भाजा, उघड्या कॉइलवर नको.

काचेच्या तड्याबद्दल माझं मत विचारूच नका, छापलेलं आहे ते वाचा. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०३३५ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे, आपलं आयएस ३०२ तिच्यावरच आधारलेलं आहे. तिच्यात स्वयंपाकाच्या काचेच्या शेगड्यांबद्दल स्पष्ट ताकीद आहे: पृष्ठभागाला तडा गेला तर शॉकचा धोका टाळण्यासाठी उपकरण बंद करा. इंडक्शनच्या खोक्यातल्या पुस्तिकेत हे वाक्य असतं, खोका असेल तर काढून बघा. एपॉक्सी भरा असं कुठेही नाही. काचेखाली लगेच तांब्याची कॉइल असते, ती घरच्या विजेपासून वेगळी केलेली नसते. शेवभाजीचा रस्सा उतू गेला की मिठाचं पाणी बारीक फटीतूनही खाली जातं, आणि भरलेलं एपॉक्सी रोजच्या तापण्या-निवण्यात काचेपासून सुटतं. काच बदला किंवा यंत्र बाजूला ठेवा. वायर खराब झाली तर ती कंपनीने, तिच्या सर्व्हिस सेंटरने किंवा तितक्याच जाणकार माणसाने बदलावी, हेही त्याच मानकात आहे.

फ्यूज आणि सेन्सर थोडक्यात. इंडक्शनचा फ्यूज बहुतेक वेळा आयजीबीटी (कॉइलची वीज वेगाने चालू-बंद करणारा भाग) किंवा ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) शॉर्ट झाल्यामुळे उडतो. तांब्याची तार लावली की पुढचा नंबर बोर्डाचा. सेन्सरच्या वायरी जोडल्या तर बोर्डाला भांडं अतिशय तापल्यासारखं वाटतं आणि एरर जातच नाही, म्हणजे उपाय चालतही नाही. त्यावर काही जण ठरावीक रेझिस्टर टाकून सेन्सरला फसवतात. मग तेलाची कढई कितीही तापली तरी यंत्र थांबत नाही.

धूळ झाडा म्हणतात ते बरोबर आहे, मान्य. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात पंख्याची जाळी धुळीने आणि झुरळांनी भरली की आयजीबीटी जळतो. ब्रशने खालची जाळी बाहेरून साफ करा. खोलू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत भार राहू शकतो.

आणि मिस्त्री लुटतात हेही काही ठिकाणी खरं आहे. नुसता पंखा गेलेला असताना अख्खा बोर्ड बदलणारे मला माहीत आहेत. साध्या शेगडीची कॉइल बदलणं हे घरी होण्यासारखं काम आहे, ती स्वस्तही मिळते. पण बदलायची म्हणजे नवीन घालायची, शेगडीवरच्या माहितीपट्टीवर लिहिलंय तेवढ्याच वॅटची. आधी प्लग सॉकेटमधून बाहेर, नुसतं बटण बंद करून नाही. चिनी मातीची प्लेट तडकली असेल तर तीही नवी घ्या. खाचेत सुतळी फिरवून लांबी मोजा आणि नवीन कॉइल त्याहून किंचित कमी, सगळीकडे सारखी ताणा. वेटोळे एका जागी दाट राहिले तर तिथेच जास्त लाल होऊन तुटते. टोकांवर चिनी मातीचे मणी परत घाला, नटबोल्ट घट्ट करा, टर्मिनलजवळची वायर कडक झाली असेल तर तेवढ्यासाठी जाणकाराकडे न्या.

प्लग लावण्याआधी मल्टीमीटर घ्या. शेगडीचं बटण चालू ठेवून प्लगच्या दोन छोट्या पिनांमध्ये २,००० वॅटला २६ ओमच्या आसपास आकडा यायला हवा, १,००० वॅटला ५३ च्या आसपास. मोठी पिन आणि शेगडीचा पत्रा जोडलेले दाखवायला हवेत. छोट्या पिनांपैकी कोणतीही आणि पत्रा यांच्यात मीटरने सगळ्यात वरच्या रेंजवरसुद्धा काही दाखवता कामा नये. दाखवलं तर शेगडी लावू नका, वायरमनला दाखवा. मीटर नसेल तर दुकानात घेऊन या, सिरीज बोर्डवर (मध्ये बल्ब जोडलेल्या तपासणीच्या बोर्डवर) लगेच कळतं, आणि एवढं बघायचे पैसे मी घेत नाही.