सरकार बंद असताना म्हातारं कसं व्हावं

अमेरिकेत म्हातारं व्हायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि १ ऑक्टोबरवर लाल फुली मारा. इथल्या केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होतं. तोवर खर्चाची विधेयकं मंजूर झाली नाहीत तर सरकार त्याच दिवशी बंदही होतं. आपल्याकडे मार्चअखेर कचेऱ्यांतून मध्यरात्रीपर्यंत दिवे जळतात, इथे सप्टेंबरअखेर ते मालवतात.

२०२५ च्या १ ऑक्टोबरला भल्या पहाटे सांगलीहून थोरल्या वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, तुमचं सरकार पडलं म्हणे?"

"पडलं नाही वहिनी. बंद पडलंय."

"म्हणजे घाटात एसटी बंद पडते तसं?"

"अगदी तसं. ड्रायव्हर-कंडक्टर आत बसलेत, त्यांचा पगार चालू आहे. उतारूंनी तेवढं खाली उतरून धक्का मारायचा."

वहिनींना हे काही पटेना. त्यांचंही बरोबर आहे. भारतात लोकसभेनं अर्थसंकल्प फेटाळला तर सरकारच जातं, आणि वेळ कमी पडला तर लेखानुदान घेऊन गाडी पुढे ढकलतात. इथे सरकार कुठेही जात नाही. घरी बसतं. खासदारांचा पगार तेवढा राज्यघटनेनं आणि कायद्यानं बांधलेला, त्यामुळे तो अडत नाही. विमानतळावर तपासणी करणाऱ्यानं बिनपगारी उभं राहायचं आणि ज्यांनी गाडी बंद पाडली त्यांचा चेक वेळेवर.

तर आता तुमच्या चेकबद्दल. घाबरू नका, तो येणार. सोशल सिक्युरिटी म्हणजे इथली म्हातारपणाची पेन्शन. १९३५ च्या कायद्यातून ती आली आणि तिच्या पैशांसाठी दरवर्षी काँग्रेसपुढे, म्हणजे इथल्या संसदेपुढे, पदर पसरावा लागत नाही, कायद्यातच कायमची तरतूद आहे. १९६५ साली आलेल्या मेडिकेअरचंही तसंच. पासष्टीनंतरच्या त्या आरोग्य विम्याची बिलं शटडाउनमध्येही, म्हणजे सरकार बंद असतानाही, भागवली जातात. माझी जन्मतारीख १४, म्हणजे माझे पैसे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी येतात. १५ ऑक्टोबरला सरकार बंद होऊन दोन आठवडे झाले होते, तरी सकाळी पैसे खात्यात होते. मी हिला म्हटलं, बघ, याला म्हणतात व्यवस्था.

पैसे येतात हो. माणूस येत नाही. खर्च मंजूर व्हावा लागतो तो पैसे पाठवणाऱ्या, फोन उचलणाऱ्या आणि चुका दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या पगाराचा. म्हणून शटडाउनमधलं पहिलं पथ्य असं, की आयुष्यात काहीही घडू देऊ नका. काल जसे होतात तसेच राहा. कार्ड हरवू नका, आणि पॅन्टच्या खिशात विसरून वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच घालू नका. मेडिकेअरचं कार्ड कागदाचं असतं आणि धुतल्यावर त्याचा जो लगदा होतो तो खिडकीवर दाखवून उपयोग नसतो, हे अनुभवाचे बोल आहेत.

पासष्ट वर्षं पूर्ण करण्याचीही घाई नको. ज्यांनी १९९५ च्या नोव्हेंबरात ती केली त्यांना विचारा. त्या शटडाउनच्या आरंभी सोशल सिक्युरिटीनं ६१,४१५ कर्मचारी घरी पाठवले आणि ४,७८० ठेवले. चेक निघण्यापुरते ते पुरले. पण पहिल्या चार दिवसांत पेन्शनचे आणि अपंगत्वाचे १,१२,००० अर्ज घ्यायला कुणी नव्हतं, आणि आठ लाख फोन नुसते वाजत राहिले. मग साहेबांच्या लक्षात आलं की लोक शटडाउनमध्येही म्हातारे होतात! सुमारे पन्नास हजार माणसांना परत बोलावलं. तेव्हापासून धडा घेतला असावा, कारण २०२५ मध्ये नवे अर्ज घेतले जात होते. नवा माणूस आत घेतात. जुन्याचं काही चुकलं असेल तर मात्र थांबायचं.

आमच्या घरात चुकलं होतं ते १९९७ साली.

ही लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा आमच्या आईनं हौसेनं तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहिलं. मधलं नाव वडिलांचं जाऊन माझं आलं, आडनाव बदललं. म्हणजे तीन शब्दांपैकी एकही जुना उरला नाही. पासपोर्ट मात्र माहेरचा. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा नंबर मिळाला तो माहेरच्या नावानं, आणि पहिल्या कंपनीनं पगार लावला तो सासरच्या. नाव आणि नंबर जुळले नाहीत की तो पगार कुणाच्याच खात्यात पडत नाही. अशा बेवारशी कमाईची इथे एक वेगळी फाइल असते, तिथे तो त्रिशंकूसारखा लटकतो. पुढे नाव दुरुस्त झालं, १९९७ राहून गेलं. पूर्ण हक्कासाठी चाळीस क्रेडिट, म्हणजे कमाईचे गुण, लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. हिची झाली छत्तीस.

ऑक्टोबरात आम्ही दोघं आमच्या भागातल्या सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत गेलो. एका बाजूला नेल सलून, दुसऱ्या बाजूला पिझ्झावाला. हिनं १९९७ चा पगाराचा कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घेतला होता, जोडीला नगरपालिकेचा विवाहाचा दाखला. दारावरच्या गार्डनं अगदी अदबीनं काचेवरची यादी दाखवली. नवा अर्ज असेल तर या. पत्ता बदलला असेल तर या. कुणी वारलं असेल तर जरूर या. लाभाचं प्रमाणपत्र आणि जुन्या कमाईची दुरुस्ती, ही दोन कामं सरकार उघडल्यावर.

"कधी उघडेल?" हिनं विचारलं.

"मॅडम, मला कळलं तर मीही घरी फोन करीन," तो म्हणाला.

वाटेत मी हिला समजावलं की काळजीचं कारण नाही, माझी चाळीस क्रेडिट आहेत आणि नवऱ्याच्या नोंदीवर बायकोला मेडिकेअरचा इस्पितळाचा भाग बिनहप्त्याचा मिळतो. तुम्हीही तुमच्या बायकोला हे सांगून बघा. "नावही तुमचं लावलं, आता विमाही तुमच्या नावावर?" एवढं बोलून ती घरापर्यंत गप्प बसली. त्या दिवाळीत चकल्या जरा कडकच झाल्या होत्या.

ज्यांची मुलं एच-वन व्हिसावर आहेत त्यांनी या छत्तिसाला हसू नये. त्यांच्या पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला आणि १.४५ टक्के मेडिकेअरला पहिल्या दिवसापासून कापले जातात. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाही. सात-आठ वर्षांत पुण्याला परतलात तर तो आमच्या म्हाताऱ्यांच्या निधीला दिलेला हातभार समजायचा. आभारी आहोत. शटडाउनमध्येही वजावट बंद होत नाही, याबद्दल निर्धास्त असा.

आता तब्येत. ऑक्टोबरात गुडघा दुखू देऊ नका. कोविडपासून मेडिकेअरवाल्यांना घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टर दाखवण्याची मुभा होती. ती दर थोड्या महिन्यांनी वाढवत नेत होते आणि ३० सप्टेंबरच्या रात्री ती संपली. बहुतेक आजारांना जुना नियम परत लागू झाला. जुना नियम मोठा रसाळ आहे. व्हिडिओची सोय ग्रामीण भागासाठी, आणि तीही घरून नव्हे, तिथल्या दवाखान्यात जाऊन बसल्यावर. म्हणजे डॉक्टर पडद्यावर दिसावा म्हणून आधी दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं. काही डॉक्टरांनी पुढेमागे पैसे मिळतील या भरवशावर पेशंट बघणं चालू ठेवलं, काहींनी अपॉइंटमेंट रद्द केल्या. शटडाउन संपताना ही मुभा मागच्या तारखेपासून परत दिली. मागच्या तारखेपासून गुडघा बरा करण्याची तरतूद विधेयकात नव्हती.

महागाईबद्दलही जरा सांभाळून बोला. पेन्शनमधली वार्षिक वाढ जुलै ते सप्टेंबरच्या महागाईच्या आकड्यांवर ठरते आणि त्यातला सप्टेंबरचा आकडा १५ ऑक्टोबरला यायचा होता. आकडे मोजणारे घरी बसले होते. मग काही जणांना खास बोलावून २४ तारखेला आकडा काढला: वाढ २.८ टक्के, सरासरीनं महिन्याला ५६ डॉलर. लगेच नोव्हेंबरात जाहीर झालं की मेडिकेअरचा डॉक्टरच्या भागाचा हप्ता जानेवारीपासून १८५ वरून २०२.९० वर जाणार, म्हणजे जवळजवळ अठरा डॉलर आल्या वाटेनं परत. ऑक्टोबरचा आकडा तर निघालाच नाही, कारण दुकानांत जाऊन किमती टिपायला कुणी नव्हतं. तेव्हा त्या महिन्यात कोथिंबीर महाग वाटली असेल तर तो तुमचा भास आहे. दप्तरी नोंद नाही.

केंद्र सरकारचेच निवृत्त कर्मचारी असाल तर तुम्ही खरे भाग्यवान. तुमच्या पेन्शनचे कागद पेनसिल्व्हेनियात बॉयर्स नावाच्या गावी चुनखडीच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली सत्तर मीटरवर तपासले जातात. ही माझी कल्पना नाही, खरंच तिथे कचेरी आहे आणि फायलींची कपाटं आहेत. त्या खाणीचा खर्च पेन्शनच्या निधीतून चालतो, म्हणून ती शटडाउनमध्येही चालू होती. पण कागद खाणीत उतरण्याआधी ज्याच्या टेबलावरून जायचा तो तुमच्या खात्यातला माणूस घरी. सरकारी काम आणि सहा महिने थांब असं आपण म्हणतो. पण सरकारी काम जमिनीखाली चालू आणि जमिनीवर बंद, हे आपल्या आजोबांनाही सुचलं नसतं.

हे सगळं झालं पासष्टीपलीकडच्यांचं. त्यात गैरसोय आहे, वैताग आहे, पण दवाखान्याचं दार उघडं आहे. ज्यांच्यासाठी हा सगळा तमाशा चालला होता ते पासष्टीच्या अलीकडचे, आणि त्यांना सल्ला द्यायला माझी जीभ जरा जड होते. आमचे एक स्नेही बासष्टचे. कंपनीनं त्यांना नारळ दिला. मेडिकेअरला तीन वर्षं अवकाश, म्हणून ओबामाकेअर या कायद्याखालच्या विम्याच्या बाजारातून विमा घेतलेला. २०२१ पासून त्याच्या हप्त्यावर जादा सवलत होती आणि ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार होती. ती वाढवल्याशिवाय खर्चाच्या विधेयकाला मत देणार नाही असं डेमोक्रॅट म्हणाले, आधी सरकार उघडा मग बोलू असं रिपब्लिकन म्हणाले, आणि त्या हट्टात ४३ दिवस गेले. इतका लांब शटडाउन या देशानं कधी पाहिला नव्हता. मधल्या काळात गरिबांचं रेशनही अडलं, सुमारे चार कोटी वीस लाख लोकांचं. १२ नोव्हेंबरला सरकार उघडलं ते सवलतीशिवाय. डिसेंबरात सिनेटमध्ये तिच्यावर मतदान झालं, तेही पडलं.

सवलत घेणाऱ्यांचा स्वतःच्या खिशातला वर्षाचा सरासरी हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ वर जाईल असा केएफएफ या संस्थेचा अंदाज होता. पण सरासरीत सगळे वयाचे आले. साठीतल्या जोडप्याचं गणित निराळं. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या आत असेल तर २०२६ मध्ये थोडी सवलत उरते, आणि त्यावर एक डॉलर गेला की सगळी जाते. त्यामुळे माझा या मंडळींना कळकळीचा सल्ला आहे, कमवू नका. बँकेत जाऊन सांगा की या वर्षी व्याज नको. भाडेकरूनं भाडं वाढवून दिलं तर हात जोडा. मुलीच्या लग्नाला शेअर विकणार असाल तर मुलीला सहासष्टच्या साली लग्न करायला सांगा, म्हणजे तुमच्या सहासष्टच्या, मेडिकेअर लागल्यावर. स्नेह्यांनी हे सगळं कागदावर मांडलं, टॅक्सवाल्याला दाखवलं, आणि शेवटी आपला महाराष्ट्र मंडळातला हिशेबनीसाचा मान सोडून दिला. त्यात पैसे मिळत नाहीत हे आम्ही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, उगाच आकड्यांच्या जवळ जायला नको.

त्यांची बायको हल्ली सकाळी दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ताटलीत काढते तेव्हा मोजून काढते. पूर्वी ती डबीच त्यांच्यापुढे ठेवायची.

हिच्या १९९७ चं काम तेवढं राहिलंच होतं. सरकार उघडल्यावर तिसऱ्या दिवशी ही एकटीच पिशवी घेऊन त्या कचेरीत जाऊन आली. गार्डनं ओळखलं म्हणाली, हसलाही. आत गर्दी इतकी की नुसती तारीख मिळाली. ती चिठ्ठी फ्रिजवर कालनिर्णयशेजारी चुंबकानं लावली: २ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ.

सरकारच्या बहुतेक खर्चाला तेव्हा मंजुरी होती ३० जानेवारी २०२६ पर्यंत.