सूर्या बोनाली आणि सादरीकरणाचे गुण

काल रात्री तो व्हिडिओ पुन्हा लावला. जपानमधलं नागानो, हिवाळी ऑलिंपिक, फेब्रुवारी १९९८. निळ्या पोशाखातली चोवीस वर्षांची मुलगी बर्फावरून उलट्या दिशेनं सरकत येते आणि एका क्षणी स्वतःला मागे झोकून देते. डोकं खाली, पाय वर फाकलेले. सगळं अंग हवेत फिरतं आणि ती उतरते एका पायावर, जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या पात्यावर.

ही सूर्या बोनाली, फ्रान्सची फिगर स्केटर. नाव आपल्या ओळखीचं वाटतं, कारण ते संस्कृतातल्या सूर्यावरूनच ठेवलेलं आहे. जन्म १९७३ चा, नीस शहरातला. आठ महिन्यांची असताना सुझान आणि जॉर्ज बोनाली या गोऱ्या जोडप्यानं तिला दत्तक घेतलं. आई शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होती. पोरगी आधी टंबलिंगमध्ये, म्हणजे मॅटवरच्या कोलांट्याउड्यांच्या खेळात, तयार झाली, मग बर्फावर आली. पुढे तिच्या प्रशिक्षकानं वर्तमानपत्रांना सांगून ठेवलं की ती दूर हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जन्मली आहे. कृष्णवर्णीय मुलगी नीसची असणं पुरेसं रंजक वाटत नव्हतं, म्हणून तिच्यामागे एक बेट जोडून दिलं! मला ही गोष्ट फार लागते. तिच्याकडे बघण्याआधी लोकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र टांगलेलं असायचं, त्याची सुरुवात तिच्या घरच्याच गोटातून झाली होती.

आता मुद्द्यावर येते. नागानोतल्या त्या उडीला आजही बरेच जण ‘आगाऊपणा’ म्हणतात. नियमात नव्हतं ते केलं, गुण कापले गेले, दहावी आली, बरं झालं, असं. मला हे अजिबात मान्य नाही.

ही बॅकफ्लिप, म्हणजे मागच्या बाजूला मारलेली कोलांटी, १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या टेरी कुबिका या मुलानं करून दाखवली आणि त्यानंतर लगेच तिच्यावर बंदी आली. एक कारण धोक्याचं. ते खरंच आहे, डोकं बर्फावर आपटलं तर पुढचं बोलायलाच नको. दुसरं कारण असं सांगितलं जायचं की स्केटिंगमधली उडी एका पायावर उतरवायची असते आणि ही दोन पायांवर उतरते. सूर्यानं ती एका पायावर उतरवली. तुमचा आक्षेप हाच ना, मग हे घ्या. याला मी आगाऊपणा म्हणणार नाही. आक्षेपाला याहून सरळ उत्तर कुठलं असतं?

त्या काळी प्रत्येक परीक्षक सहापैकी दोन आकडे द्यायचा, एक तंत्राचा आणि एक सादरीकरणाचा. तंत्राच्या आकड्यात परीक्षकांचं साधारण जुळायचं. उडी झाली की नाही झाली, हे दिसतंच. दुसऱ्या आकड्यात मात्र ज्याची त्याची आवड शिरते, आणि सूर्या बहुतेक वेळा तिथेच मागे पडायची. ‘ताकद आहे, पण नजाकत नाही’ हे वाक्य तिला आयुष्यभर चिकटलं.

तिच्यात दोष नव्हते असं मी म्हणणार नाही. उड्यांच्या फिरक्या कधी कधी अपुऱ्या राहायच्या. १९९२ मध्ये आल्बेरव्हिलला, घरच्या ऑलिंपिकमध्ये, जिथे खेळाडूंची शपथही तिनंच घेतली होती, तिथे तिनं चार फिरक्यांची उडी मारायचं धाडस केलं. फिरकी पूर्ण झाली नाही, म्हणून ती धरली गेली नाही. ते योग्यच होतं. पण स्पर्धेत बाई चार फिरक्या मारू शकते, हे मान्य होण्यासाठी २००२ साल आणि जपानची मिकी आंडो यावी लागली. सूर्या दहा वर्षं आधी ते करायला गेली होती.

ती सलग पाच वेळा युरोपची विजेती. तेही परीक्षकांनीच ठरवलं, त्यामुळे सगळेच तिच्या विरोधात टपून होते असं म्हणणं खोटं ठरेल. जागतिक स्पर्धेत मात्र १९९३, ९४, ९५ अशी ओळीनं तीन रौप्यं. त्यातलं जपानमधल्या चिबा शहराचं, १९९४ चं, सगळ्यांच्या लक्षात राहिलं. जपानची युका सातो आणि ही. नऊ परीक्षकांपैकी पाच सातोच्या बाजूनं, चार हिच्या. सूर्या विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढेचना, शेजारी खाली उभी राहिली. अधिकाऱ्यानं वर उभं केलं, पदक गळ्यात घातलं, ते तिनं काढून टाकलं. रडत होती. प्रेक्षकांनी हुर्यो केली.

पदक काढणं मला पटत नाही. तो दिवस सातोचा होता, आणि सातो काय सुंदर घसरायची, पात्याचा आवाजसुद्धा येत नाही असं वाटायचं. पण वीस वर्षांच्या पोरीला एका मतानं हरवताना कुणी हे सांगितलं होतं का, की तुझं नेमकं कमी काय पडलं?

हा प्रश्न माझ्या अंगावर येतो, कारण मी वीसेक वर्षं शालेय जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांना पंच म्हणून बसते आहे. एका वर्षी अकरा-बारा वर्षांची एक मुलगी आली होती. सावळी, ठेंगणी, पिंडऱ्या भक्कम. मॅटवर अशी उसळायची की बाजूला बसलेली मुलं गप्प व्हायची. मी सादरीकरणाचे गुण हात राखून दिले. स्पर्धा संपल्यावर तिची आई पाण्याच्या टाकीपाशी भेटली. म्हणाली, “बाई, तिचं चुकलं कुठं?” मी म्हटलं, “थोडी नजाकत हवी.” तिनं विचारलं, “म्हणजे काय करायचं तिनं?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना बसमध्ये कळलं की माझ्या डोक्यात एक उंच, सडपातळ, गोरी मुलगी बसलेली होती आणि मी समोरच्या मुलीला तिच्याशी ताडून बघत होते. आकडा देऊन झाला होता. तो बदलता येत नाही.

म्हणून नागानोकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. १९९६ मध्ये सूर्याच्या पायाचा अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटला होता. त्यातून उठून ती तिसऱ्या ऑलिंपिकला आली होती. पहिल्या फेरीनंतर सहावी होती, दुसऱ्या फेरीत अंग साथ देईना. पदक जाणार हे कळल्यावर तिनं जगात तिलाच येणारी गोष्ट केली. शेवटी परीक्षकांकडे पाठ करून प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. तिची ही शेवटची ऑलिंपिक. पुढे ती व्यावसायिक शोमध्ये गेली, अमेरिकेत स्थायिक झाली, मुलांना शिकवू लागली.

जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्याच आदाम स्याओ हिम फा यानं युरोपियन स्पर्धेत बॅकफ्लिप मारली. तेव्हाही बंदी होतीच. दोन गुण कापले गेले, तरी तो जिंकला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेनं बंदी उठवली. ही उडी प्रेक्षणीय आहे, तिला बेकायदा म्हणण्यात आता अर्थ नाही, अशा आशयाचं कारण दिलं. मुलं आता ती बिनधास्त मारतात आणि स्टेडियम उठून उभं राहतं. मला आनंद आहे. पण सूर्याचा दहावा क्रमांक तसाच आहे.

व्हिडिओ बघणार असाल तर एक करा. सगळे तिच्या फिरण्याकडे बघतात. तुम्ही ती उतरताना दुसऱ्या पायाकडे बघा. तो बर्फाला टेकत नाही.