श्रीधरन यांच्या फोटोखाली खपवलेले पाच मुद्दे

‘एक नेता, शून्य कटकट’ हा फॉरवर्ड एव्हाना तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वर कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो उभारणारे इंजिनिअर ई. श्रीधरन यांचा फोटो, खाली पाच मुद्दे. कोकण रेल्वे वेळेत झाली, कारण श्रीधरन यांच्या वर विचारणारं कुणी नव्हतं. समित्या आणि तपासण्या म्हणजे दिरंगाई. सेफ्टी आणि क्वालिटीवाले प्रकल्पप्रमुखाच्याच हाताखाली ठेवावेत, नासातही असंच चालतं. सगळी जोखीम करारात ठेकेदाराच्या गळ्यात बांधली की आपण मोकळे. आणि रिस्क रजिस्टर, म्हणजे प्रकल्पातल्या धोक्यांची नोंदवही, हा कन्सल्टंट लोकांचा धंदा आहे.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. पण हा माझ्या भाचीने पाठवला. ती एका उड्डाणपुलाच्या कामावर सेफ्टी ऑफिसर आहे, आणि साइटच्या ग्रुपवर तो तिच्या प्रोजेक्ट मॅनेजरने टाकला होता, ‘तिसरा मुद्दा सर्वांनी नीट वाचावा’ अशी पुस्ती जोडून. ‘मामा, नासात खरंच असं असतं का?’ एवढंच तिने विचारलं. म्हणून तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो. बाकीच्यांचं नंतर बघू.

नासात असं होतं, हे अगदी खरं आहे. त्याचं पुढे काय झालं, एवढंच फॉरवर्ड लिहिणाऱ्याने गाळलंय. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. अध्यक्ष रेगन यांनी नेमलेल्या रॉजर्स आयोगाचा अहवाल त्याच वर्षी जूनमध्ये आला. तो फुकट वाचायला मिळतो, फॉरवर्ड करण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. त्यातली ओ-रिंगची गोष्ट पुष्कळांना माहीत असते: यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटचा, म्हणजे बूस्टरचा, सांधा बंद ठेवणारी रबरी रिंग थंडीने कडक झाली आणि त्या सांध्यातून तप्त वायू निसटला. पण अहवालातलं एक आख्खं प्रकरण सुरक्षा यंत्रणेच्या मौनावर आहे, ते कुणी उघडत नाही.

आदल्या रात्रीची हकीकत अशी. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर आणि नासाच्या मार्शल केंद्राचे अधिकारी फोनवर बोलत होते. इंजिनिअर सांगत होते, ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका; त्याहून थंडीत यान आजवर उडालेलंच नाही. मार्शलच्या अधिकाऱ्यांना हे रुचलं नाही. मग कंपनीच्या वरिष्ठांनी फोन म्यूट करून आपापसात खल केला. इंजिनिअरिंग प्रमुखाला सांगण्यात आलं, आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने घातली. सकाळी यान उडालं तेव्हा तापमान २ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं.

त्या रात्री फोनवर सेफ्टीचा माणूस कुठे होता? आयोगाचं उत्तर असं, की त्याला बोलवावं हे कुणाला सुचलंच नाही. आणि का सुचलं नाही, हेही आयोगाने लिहून ठेवलंय: नासाच्या केनेडी आणि मार्शल या दोन्ही केंद्रांत सुरक्षा व गुणवत्ता विभाग ज्यांचं काम तपासायचं, त्यांच्याच देखरेखीखाली होते. जी रचना हा फॉरवर्ड आदर्श म्हणून सांगतो, नेमकी तीच आयोगाने कारणांमध्ये धरली. शिफारस अशी होती, की सुरक्षेसाठी स्वतंत्र कार्यालय हवं आणि त्याच्या प्रमुखाने थेट नासाच्या प्रशासकाला उत्तर द्यावं.

कार्यालय झालं. पण सुरक्षेच्या कामाला पैसा प्रकल्पांकडूनच येत राहिला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना तुटलं, पुन्हा सात जण गेले. चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं, की या अपघाताला इंधनाच्या टाकीवरून सुटलेल्या फोमच्या तुकड्याइतकीच नासाची संस्थात्मक संस्कृतीही जबाबदार आहे. चॅलेंजरचे पडसाद त्यांना जागोजागी ऐकू आले.

आता यात कुणी राक्षस नाही. भाचीचा प्रोजेक्ट मॅनेजरही वाईट माणूस असेल असं मला वाटत नाही. पण त्याचं मूल्यमापन होतं ते तारखेवर आणि बिलिंगवर. तिची रजा, तिची पगारवाढ, तिची पुढची साइट त्याच्या सहीवर. विद्यार्थ्यानेच मास्तरांचा पगार ठरवायचा म्हटल्यावर पेपर कसा तपासला जाईल? पुलाचे भाग उचलून बसवणारा लाँचिंग गर्डर हलवायच्या दिवशी काम थांबवलं, तर दिवस जातो, क्रेनचं भाडं चढतं, वरून फोन येतो. दोन-चार वेळा हे झालं की ‘काम थांबवा’ म्हणणारा माणूस ‘जरा बघून घ्या’ म्हणायला लागतो. धोका तेवढाच राहतो, तो वरपर्यंत पोचत मात्र नाही. जोखीम कुठल्या वाटेने वर जाते आणि ती वाट मधे कोण अडवू शकतो, हे ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली याचा तक्ता, ठरवतो. फॉरवर्डवाल्याला तो चार्ट म्हणजे एचआरची रांगोळी वाटते.

आता पहिला मुद्दा, आपल्या कोकण रेल्वेचा. श्रीधरन यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर हा माल खपवलेला बघवत नाही. ‘वर कुणी नव्हतं’? कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झालं. त्यात तेव्हा रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. श्रीधरन त्याचे अध्यक्ष, पण पाच मालक असलेल्या संस्थेचा अध्यक्ष एकटा कसा असतो? आणि खालची रचना बघा. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग सात भागांत वाटला होता: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येक भागावर स्वतंत्र मुख्य अभियंता. निर्णय दिल्लीत फाइल पाठवून नव्हे, तर जिथे दरड कोसळते तिथून घ्यायचे, म्हणून ही वाटणी. सगळं एका मुठीत ठेवण्याच्या नेमकं उलट.

‘वेळेत झाली’ हेही खरं नाही. लक्ष्य पाच वर्षांचं होतं, म्हणजे १९९५. पूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ मध्ये. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन झालं, आणि पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत माती पुनःपुन्हा खचत राहिली. हुकमाने माती थांबत नाही. तरीही तो प्रकल्प मोठाच आहे, त्याला खोट्या तारखेची गरज नाही.

आणि ‘विचारणारं कुणी नव्हतं’ यावर एक गोष्ट खास. आपल्या देशात रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली येत नाहीत. ते येतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली! ऐकायला विचित्र वाटतं, पण ते मुद्दाम केलेलं आहे: रेल्वे चालवणाऱ्याने रेल्वे तपासू नये म्हणून १९४१ पासून ही यंत्रणा रेल्वे बोर्डापासून वेगळी काढलेली आहे. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्याआधी या आयुक्तांची तपासणी लागते. कोकण रेल्वेलाही लागली, दिल्ली मेट्रोलाही. हा तपासणारा माणूस श्रीधरन यांच्या वर नव्हता, हाताखालीही नव्हता; तो बाहेरचा होता, आणि तेच महत्त्वाचं. दिल्लीत जमरूदपूरला १२ जुलै २००९ रोजी मेट्रोचा बांधकामाधीन पूल कोसळून कामगार मेले, तेव्हा श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला होता. तो स्वीकारला गेला नाही. वर प्रामाणिक माणूस असला म्हणून खांबाच्या डिझाइनमधला दोष आपोआप दिसत नाही, याचा आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. ज्या समितीत प्रत्येकाला ‘नाही’ म्हणता येतं आणि ‘हो’चा धनी कुणीच नसतो, ती समिती काम कुजवते. मी असल्या बैठकांत तारुण्य घालवलंय. पण यावर उपाय कुठला निर्णय कुणी, किती रकमेपर्यंत घ्यायचा हे आधी लिहून ठेवणं हा आहे. तपासणाराच काढून टाकणं नव्हे.

चौथ्यासाठी, म्हणजे करारात जोखीम ठेकेदाराच्या गळ्यात बांधण्यासाठी, दिल्लीचीच एअरपोर्ट मेट्रो पुरे. बांधकाम दिल्ली मेट्रोचं, रूळ-गाड्या आणि चालवणं करारावर घेतलेल्या खासगी कंपनीकडे. फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू, जुलै २०१२ मध्ये पूल ज्यांवर टेकतो त्या बेअरिंगांतल्या दोषांमुळे बंद. मग दोष कुणाचा यावर लवाद, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, आणि शेवटचा निकाल एप्रिल २०२४ मध्ये. दोन संस्थांच्या सांध्यावरची जोखीम करारात कुणाच्याही गळ्यात बांधा, ती सांध्यावरच राहते. गाडी बंद पडते ती प्रवाशाची.

राहता राहिलं रिस्क रजिस्टर. मागच्या प्रकल्पाची एक्सेल उचलून नाव बदलून जोडतात, हे मीही पाहिलंय, तेव्हा इथे फॉरवर्डवाल्याशी फार भांडण नाही. रजिस्टर कामाचं तेव्हाच, जेव्हा प्रत्येक जोखमीसमोर एका माणसाचं नाव असतं आणि त्याला पैसे खर्चायचा किंवा काम थांबवायचा अधिकार असतो. भाचीला मी तिच्या साइटचं रजिस्टर पाठवायला सांगितलं. ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नोंद आहे: संबंधित विभाग.